मिस्त्री खाली, बाया वर

शालिकराम मिस्त्रीनं वाकून कडेच्या बल्लीवर, साच्याला टेकू दिलेल्या लाकडी खांबावर, हातोडा मारला. एक, दोन, तीन. पाऊल मात्र बल्ल्यांच्या आत टाकलं नाही.

गोदामाच्या पुढच्या अंगाला देवकाबाई एकटीच वर चढून, अनवाणी पायांनी स्लॅबच्या साच्यावर, सेंट्रिंगच्या पत्र्यांवर उभी होती. तिच्या तळव्यांना ते तीन ठोके लागले तसा तिनं खाली हात केला. फळ्यांच्या चढावाशी थांबलेल्या दहा बाया भरलेली घमेली उचलायला मिक्सरकडे वळल्या. ठेकेदारानं फोडलेल्या नारळाचे तुकडे अजून काहींच्या तोंडातच होते.

ही रीत कुणी कागदावर लिहिलेली नाही, पण पांढुर्णा-सौंसरकडच्या बांधकामांवर ती न मोडता चालत आली होती. स्लॅब पडायच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या दिवशी, ज्यानं सेंट्रिंग ठोकलं तो मिस्त्री खाली बल्ल्यांमध्ये आणि बाया वर. ज्याला आपल्या हाताची खात्री आहे त्यानं आपलं डोकं त्याखाली ठेवावं, इतका साधा हिशेब. मिस्त्री आत फिरत राहतो, पाचरा ढिल्या पडल्या का, बल्ल्या कलल्या का ते बघतो, आणि थोड्या थोड्या वेळानं जिथं असेल तिथल्या बल्लीवर तीन ठोके देतो. मिक्सरच्या धडधडाटात ते कानाला ऐकू येत नाहीत, पायाला येतात. तीन ठोके म्हणजे मी तुमच्याखाली उभा आहे. न थांबता ठोके म्हणजे घमेली टाका आणि पळा.

शालिकरामनं तीस वर्षांत असे शे-दीडशे स्लॅब डोक्यावर घेतले होते. आज तो गोदामाच्या मागच्या बाजूला, विटांच्या थप्पीआड, उन्हात उभा होता. सकाळपासून तो तीनदा आत जायला वाकला. तिन्ही वेळा आतला गार, ओल्या लाकडाचा वास नाकात गेला आणि तो मागे सरला. बाहेरच्या बाहेर हात लांबवून त्यानं कडेची बल्ली ठोकली. वर बायांना ते पुरलं. मग तो तसंच करत राहिला.

त्याला स्वतःची शिसारी येत होती. पण शिसारीनं पाय उचलत नाही.

चार महिन्यांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता तेव्हा, सौंसरला एका सरकीच्या गोदामाचा स्लॅब अर्धा पडलेला असताना खाली आला. खाली त्या वेळी मधुकर होता, देवकाबाईचा मुलगा. सहा वर्षं शालिकरामच्या हाताखाली काम शिकलेला, अठ्ठावीस वर्षांचा, लग्न होऊन दीड वर्ष झालेला. त्यानं न थांबता ठोके दिले. बाया पळाल्या, अकराच्या अकरा वाचल्या, आणि शेवटची बाई चढावावरून जमिनीवर आली तेव्हा मधला भाग बसला. मधुकरला काढायला संध्याकाळ झाली. शालिकराम त्या वेळी बाहेर होता. पाणी प्यायला गेलो होतो, असं त्यानं पोलिसांना सांगितलं, तेच पंचनाम्यात आलं, आणि तेच गावात सगळ्यांना माहीत होतं. विहारात मधुकरसाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला तेव्हा तो मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसला होता. उठताना देवकाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, एवढंच.

त्यानंतर दोन महिने त्यानं हातोडा धरला नाही. घरात बसून भिंतीकडे पाहायचा, जेवायला हाक मारली तरी दचकायचा. बायको वच्छला त्याला जामसांवलीला घेऊन गेली, मारुतीपुढे बसवलं, नागपूरच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि काम बदला म्हणाला. जणू काम म्हणजे सदरा. शेवटी या गोदामाच्या कामावर तो आला तेव्हा तीन फुटांच्या जागी दोन-दोन फुटांवर बल्ल्या लावायला लागला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणून बाकीचे हसले, ठेकेदार चिडला, पण बल्ल्या लागल्या. त्या लावताना भीती वाटली नाही. तेव्हा वर काही नव्हतं.

"मिस्त्री, लेव्हल बराबर हाये ना?" सुपरवायजर प्रभाकर विटांच्या थप्पीपलीकडून ओरडला. कोवळा माणूस, घामानं टेरिलिनचा सदरा पाठीला चिकटलेला, हातातलं घड्याळ दर पाच मिनिटांनी बघणारा. मिक्सर नागपूरहून आणलेला, संध्याकाळी परत जायचा होता, आणि स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवायचा नसतो, हे त्याला पुस्तकातून आणि बोलणी खाऊन, दोन्हीकडून माहीत झालं होतं.

"बराबर हाये," शालिकराम म्हणाला आणि लगेच वाकून बल्लीशी काहीतरी करत असल्यासारखं केलं. प्रभाकर निघून गेला.

दुपारी बाया भाकरी खाऊन पुन्हा वर चढल्या. शालिकरामनं भाकरी सोडलीसुद्धा नाही. ऊन थप्पीवरून सरकून त्याच्या पायांवर आलं होतं. तो हातोडा मांडीवर घेऊन बसला होता. मनात मोजत होता, आता ठोका द्यायची वेळ झाली. त्यानं बसल्या जागेवरून हात लांब केला. एक, दोन, तीन.

मान वर केली तेव्हा समोर देवकाबाई उभी होती.

तिच्या डोक्यावर चुंबळ होती, घमेलं नव्हतं. पन्नाशीची, वाळक्या अंगाची बाई, कोपरापर्यंत सिमेंट लागलेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं, मग बल्ल्यांच्या आतल्या अंधाराकडे.

"आत कोन हाये?" तिनं विचारलं.

"कोनी नाही."

"सकायपासून?"

त्यानं होकाराची मान हलवली.

"पायाले समजून राह्यलं होतं मले," ती म्हणाली. "ठोका कडेलेच येते. मंधात येतच नाही. म्हटलं, मिस्त्री काय भिंतीले चिपकून बसला का काय."

"माह्यानं जाववत नाही, देवकाबाई." "तीनदा वाकलो. पाय उचलतच नाही. तुमची शपथ."

ती ओरडली असती तर बाया थांबल्या असत्या, प्रभाकर धावत आला असता, आणि शालिकरामला या मुलखात पुन्हा कुणी सेंट्रिंगवर घेतलं नसतं. हे दोघांनाही कळत होतं. ती ओरडली नाही.

"मालती वर हाये," ती म्हणाली.

मालती म्हणजे मधुकरची बायको. नवरा गेल्यावर महिन्याभरानं सासूच्या मागोमाग कामावर आलेली. घमेलं डोक्यावर ठेवून अजून नीट चालता येत नव्हतं तिला, दोन्ही हातांनी धरायची.

देवकाबाईनं चुंबळ काढून विटांवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि वाकून बल्ल्यांच्या आत शिरली.

"ओ बाई!" तो उठलाच. स्लॅब पडत असताना बाईनं खाली जायचं नाही, हीही रीतच होती, आणि तीस वर्षांत त्यानं ती मोडलेली पाहिली नव्हती. "देवकाबाई! बाहेर या! तुमाले काय समजते तिथलं!"

ती थांबली नाही. तिचं लुगडं एका बल्लीमागे गेलं, मग दुसऱ्या. शालिकराम क्षणभर कडेला उभा राहिला. आपले पाय आत केव्हा गेले हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. आठव्या-नवव्या बल्लीपाशी त्याला कळलं की आपण आत आहोत. पत्र्यांच्या फटींतून सिमेंटचं पाणी ठिबकत होतं, आणि डोक्यावर माणसं चालत होती.

"हळू," तो म्हणाला. "बल्लीले हात नका लावू."

मग त्याची नजर आपोआप खाली गेली. तीस वर्षांची सवय, भीती असो की नसो. मधल्या ओळीतल्या दोन बल्ल्यांखालचा मुरूम काळा पडला होता. भिंतींवर मारलेलं पाणी रात्रीतून तिथं उतरलं असणार. एका बल्लीखालची फळी बोटभर कलली होती आणि पाचर सुटून बाजूला पडली होती. बाहेरून, कडेला बसून, हे संध्याकाळपर्यंत दिसलं नसतं.

त्याच्या पायांनी बाहेरची दिशा धरली. खरंच धरली. एक पाऊल त्यानं टाकलंही. पण वाटेत देवकाबाई उभी होती, आणि तिला ओलांडून जाणं काही त्याला जमलं नाही.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. "बायांले थांबवा. पळवू नका, एकएकीनं हळू उतरवा. अन् बाहेर पडलेल्या बल्ल्यांतली एक चांगली बल्ली पाठवा. दोन रुंद फळ्या. पाचरा."

तिनं फळीकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं.

"अन् तू?"

चार महिन्यांत, आणि त्याआधीच्या वीस वर्षांतही, ती त्याला 'तुमी' म्हणत आली होती.

"मी हाये इथंच," तो म्हणाला, आणि पडलेली पाचर उचलून गुडघ्यावर बसला.

वरची पावलं एकेक करून थांबली. मिक्सरचा आवाज बदलला, मग बंद पडला. बाहेर प्रभाकरचा आवाज चढला.

"अरे आधा स्लॅब टाकून कोनी थांबते का? जॉइंट येईल ना! कोनं बंद केलं? मिस्त्री कुठं हाये?"

"मिस्त्री आत हाये," देवकाबाईचा आवाज आला. "थो म्हणन तवा सुरू होईन."

"ठेकेदार माही चामडी काढन, बाई!"

"काढू दे. नवी येते."

प्रभाकर आणखी काही म्हणाला, पण आत यायला तो धजला नाही. बल्ली आणि फळ्या देवकाबाईच घेऊन आली, खांद्यावर, वाकून. तिला परत पाठवायच्या भानगडीत शालिकराम पडला नाही. त्यानं ओला मुरूम हातानं खरवडून काढला, कोरडा भरला, रुंद फळी बसवली, कललेल्या बल्लीशेजारी नवी उभी केली. ती बल्ली धरून राहिली आणि तो पाचर मारत गेला. पाचर घट्ट बसत चालली तसा ठोक्याचा आवाज बदलत गेला. मग दुसरी बल्ली. अर्धा-पाऊण तास गेला असेल.

शेवटच्या पाचरीवर त्यानं हात फिरवून पाहिला आणि कपाळाचा घाम पुसला. वर कुणी नव्हतं. मिक्सर बंद. इतकी शांतता स्लॅबच्या दिवशी कधी नसते.

"मधुकर कुठं उभा होता?" देवकाबाईनं विचारलं.

"अशाच जागी. मंधात."

"अन् तू?"

त्याच्या जिभेवर ते उत्तर तयारच होतं. चार महिन्यांत इतक्यांदा दिलं होतं की आता ते खरंच वाटायला लागलं होतं.

"पानी प्यायले गेलतो, हे मले नको सांगू," ती म्हणाली. "माह्याच गुंडातून तुले पानी देल्लं होतं मी. पाव घंटाही झाला नव्हता. दोन लोटे पेला तू."

शालिकराम तसाच गुडघ्यावर बसून राहिला. इतके दिवस आपण जे सांभाळत होतो ते हिला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. पंचनाम्याच्या वेळी ती दहा हातांवर बसली होती, आणि काही बोलली नव्हती.

"असंच दिसलं होतं," तो म्हणाला. "फळी दबून राह्यली होती. मी पाह्यली. मधुकरले म्हटलं, तू ठोका देत राह्य, मी आलो. म्हटलं, पाचर घेऊन येतो. खरंच तसं म्हटलं मनात. बाहेर आलो अन् आतमंधी जावाचं मनच होईना. बिडी पेटवली. पाचरा पायापाशी पडल्या होत्या, बाई. हात उचलंना."

"त्याले सांगतलं होतं? फळीचं?"

"नाही."

बल्लीवर ठेवलेला तिचा हात शालिकरामच्या डोळ्यांपुढे होता. नखांत सिमेंट, मनगटाला हिरव्या दोन बांगड्या. तो हात आता आपल्या तोंडावर बसला तर बरं होईल असं त्याला वाटलं.

"तुह्या तोंडून आयकाचं होतं," ती म्हणाली. "राग हाये माहा तुह्यावर. मी मरन तवा माह्याबरोबर जाईन थो. तू पाया पडला तरी जाणार नाही."

"मंग माह्या स्लॅबवर कायले आल्या?"

"पाहाले. तू आत जातं का नाही जात."

बाहेरून प्रभाकरनं हाक मारली. आता आवाजात चामडी वाचवायची घाई नव्हती, नुसतीच विनवणी होती. शालिकराम उठला, मधल्या बल्लीवर तीन ठोके दिले आणि "चालू द्या!" असं ओरडला. मिक्सर पुन्हा धडधडू लागला. थोड्या वेळानं चढावाच्या फळ्या वाजल्या, मग डोक्यावरचे पत्रे. एक जोडी पावलं, मागून दुसरी.

देवकाबाईनं जायला हवं होतं. ती वर बघत उभी राहिली.

"एकच समजत नाही मले," ती म्हणाली. "केवढे ठोके देल्ले त्यानं. आमी सगळ्या उतरेपर्यंत देत होता. तेवढ्या टैमात चार वेळा बाहेर आला असता. काहून नाही आला? लोक म्हणते घाबरला असन, पाय फसला असन. माह्या पोराचा पाय फसत नाही."

शालिकरामला हे उत्तर माहीत होतं. ते त्यानं पोलिसांना सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि तिला सांगितलं नव्हतं कारण सांगायला तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

"थो ओळखे," तो म्हणाला.

"काय ओळखे?"

"वर कोन चालून राह्यलं ते. मले बाप्पा सगळे पाय सारखेच. थो खाली उभा राहून सांगे, मिस्त्री, ही प्रमिला, ही सुशीला, ही आज दमली हाये. मी हासो त्याले."

देवकाबाईची नजर अजून वरच होती.

"अन् मी?"

"तुमचा पाय तं थो झोपेतही ओळखला असता. उजवा जरा घासते म्हणे. 'माय आली' म्हणे, अन् ठोका दे. मुद्दाम तुमच्याच पायाखाली." तो थांबला. पुढचं वाक्य तोंडातून काढायला त्याला वेळ लागला. "त्या दिवशी सगळ्यात शेवटी तुमी उतरल्या, देवकाबाई."

ती रडली नाही. निदान शालिकरामला तसं दिसलं नाही, उजेडही कमीच होता. ती वाकून बसली आणि आपल्याच उजव्या पायाच्या तळव्यावरून हात फिरवत राहिली, काटा शोधावा तशी. वर पत्रे वाजत होते. कुणीतरी घमेलं ओतलं, बारीक वाळू फटीतून दोघांच्या अंगावर पडली.

मग ती उठली. खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला.

"वर जातो मी," ती म्हणाली. "तू आयकजो."

आणि बल्ल्यांमधून वाट काढत ती उजेडाकडे गेली.

शालिकराम मधोमध उभा राहिला. पावलं येत होती, जात होती. हलकी, भारी, घाईची. दोन्ही हातांनी घमेलं धरून चालणारी एक, अडखळती, ती मालती असावी. त्यानं डोळे मिटून घेतले. किती खेपा झाल्या त्यानं मोजलं नाही. सगळे पाय सारखेच वाटत होते, आणि आपल्याला हे कधी जमणार नाही असं त्याला वाटू लागलं.

मग पत्र्यावर काहीतरी जरासं घासलं.

तो दोन पावलं सरकून त्याच्या बरोबर खालच्या बल्लीशी गेला आणि तीन ठोके दिले. वर ती पावलं थांबली. डोक्यावर भरलेलं घमेलं असताना बाई अशी थांबत नाही. त्यानं पुन्हा तीन ठोके दिले.

मागच्या बाईनं, चाल ना वो, असं काहीतरी म्हटलं असावं. पावलं पुढं गेली.